बी लावून कलमी फळ येतं का? जॉनी ॲपलसीडच्या नाटकाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेत इंडियानामध्ये आमच्या भागात एक मराठी शाळा चालते. शाळा म्हणजे रविवारी सकाळी भाड्याने घेतलेले दोन हॉल, पालकच शिक्षक, आणि मागच्या टेबलावर चहाचा थर्मास. गावाचं, शाळेचं, माणसांचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण लिहायचं ते घडलं काय याबद्दल, कोणाबद्दल नाही. आठ ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आणि अजून एका ताईंकडे होता. दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या वर्गाला बारा मिनिटं मिळतात. दरवर्षी अफझलखान नाहीतर भाजीवाली. त्या वर्षी ताई म्हणाल्या की इथल्या मातीतला कोणीतरी घेऊया, मुलांना गोष्ट आधीच माहीत असेल, म्हणजे आपली सगळी मेहनत भाषेवर जाईल.

आयडिया खरंच चांगली होती. जॉनी ॲपलसीड इथल्या बऱ्याच शाळांत सप्टेंबरमध्ये शिकवतात. अनवाणी माणूस, अंगात कॉफीच्या पोत्याचा शर्ट, डोक्यावर टोपीऐवजी पत्र्याचं भांडं, खांद्यावर सफरचंदाच्या बियांची पिशवी, चालत चालत अमेरिकाभर झाडं लावत गेला, प्राण्यांशी बोलायचा, डास जळतात म्हणून पेटवलेली शेकोटी विझवायचा. मुलांना पाठ. आणि आपल्यासारख्यांना तर बघताक्षणी गाडगेबाबाच आठवतात, तेही डोक्यावर गाडगं घालून गावोगाव फिरायचे. मी तर पहिल्याच मीटिंगमध्ये तशी सुरुवात लिहून पण टाकली, "तुमच्याकडे जॉनी, आमच्याकडे गाडगेबाबा" वगैरे. टाळ्यांची सोय झाली म्हणून मी खूश.

अडचण कुठे आली

ऑगस्टमधली तिसरी की चौथी तालीम. एका मुलाचे आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले, रत्नागिरीकडचे, आयुष्य आंब्याच्या कलमांत गेलेलं. ते नातवाला सोडायला यायचे आणि मागे खुर्चीवर बसायचे, कधी काही बोलायचे नाहीत. त्या दिवशी सीन असा होता की जॉनी बी पेरतो, एक मुलगी मोठी होत होत झाड होते आणि जॉनी लालभडक गोड सफरचंद तोडून सगळ्यांना वाटतो. आजोबा मागून म्हणाले, "अहो, बी लावून कलमी फळ येईल कसं? रायवळ निघेल ते. आंबट ढाण."

मी हसून म्हटलं आजोबा, गोष्ट आहे ती. तर म्हणाले, "गोष्ट असू दे की, पण मग हा मनुष्य आयुष्यभर रायवळ लावत का फिरला? वेडा तरी असला पाहिजे नाहीतर रायवळाला गिऱ्हाईक तरी असलं पाहिजे."

या एका प्रश्नावर आमचं सगळं स्क्रिप्ट आडवं झालं. कारण ते शंभर टक्के बरोबर होतं. सफरचंदाचं बी आईसारखं फळ देत नाही, प्रत्येक बी म्हणजे नवीन लॉटरी. गोड फळाच्या दहा बिया लावल्या तर दहा वेगळी झाडं, त्यातली बहुतेक तुरट आंबट. हवं ते फळ हवं असेल तर कलमच करावं लागतं, आंब्याचं तसंच. हजारात एखादं नशीब काढतं, आपण दुकानात रेड डिलिशस जातीचं सफरचंद बघतो ते आयोवातल्या एका शेतात असंच न लावता उगवलेल्या रोपापासून आलेलं. पण त्या भरवशावर कोणी बाग लावत नाही.

मग गिऱ्हाईक कोण? त्या रात्री मी आणि ताई फोनवर बसलो ते साडेबारापर्यंत, पुढचे दोन आठवडे लायब्ररीतून पुस्तकं. जे सापडलं ते थोडक्यात लिहितो.

माणूस खरा. नाव जॉन चॅपमन, जन्म २६ सप्टेंबर १७७४, मॅसॅच्युसेट्समधलं लेमिन्स्टर. वडील स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, आई तो दोन वर्षांचा व्हायच्या आत गेली. मृत्यू १८४५, फोर्ट वेनला, म्हणजे आमच्यापासून दोन तासांवर. बिया आणायचा पेनसिल्व्हेनियातल्या सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या रसाच्या, घाण्यांवरून, रस काढून जो चोथा राहतो तो धुऊन त्यातल्या बिया वाळवायच्या, फुकट माल. आणि तो उधळत फिरत नव्हता! नदीकाठची चांगली जागा बघायची, जमीन साफ करायची, गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण घालायचं, रोपं करायची, शेजाऱ्याला वाट्याने सांभाळायला द्यायची आणि वर्षा दोन वर्षांनी परत येऊन बघायचं. म्हणजे नर्सरीवाला. वस्ती सरकायच्या आधी तो तिथे हजर, लोक पोचेपर्यंत रोपं तयार. एका रोपाचा भाव साधारण सव्वासहा सेंट. पैसे नसतील तर जुने कपडे चालायचे, नाहीतर नंतर देतो म्हटलं तरी चालायचं.

लोकांना रोपं लागायची त्याचं कारण तर मला इतकं आवडलं की मी ते जेवताना घरी सगळ्यांना सांगितलं. ओहायोत जमीन वाटणाऱ्या कंपनीची एका पट्ट्यात अट होती: शंभर एकर मिळतील, पण तीन वर्षांत पन्नास सफरचंदाची आणि वीस पीचची झाडं लावून दाखवा. कारण बाग लावणारा माणूस पळून जात नाही. म्हणजे झाड हा कब्जाचा पुरावा. आता अशा माणसाला फळ गोड आहे की नाही याच्याशी काय घेणं, त्याला पन्नास खुंट उभे दिसले की झालं.

आणि आंबट फळाचं करायचं काय, तर सायडर. रस आंबवून हार्ड सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, त्यापासून पुढे व्हिनेगर. घरोघरी प्यायची रोजची गोष्ट होती ती. रायवळाला गिऱ्हाईक होतं, आजोबा परत बरोबर.

त्यात भर म्हणजे हा फाटका माणूस मेला तेव्हा त्याच्या नावावर बाराशे एकरच्या वर जमीन होती. इथे माझा गाडगेबाबांचा ओपनिंग डायलॉग गेला. बाबांनी धर्मशाळा बांधल्या पण स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही. भांडं डोक्यावर होतं एवढ्यावर दोघांना एका ओळीत बसवणं मला जमेना, खरं म्हणजे लाजच वाटली.

पण तो लबाड होता असंही नाही, हे सांगायला पाहिजे. साधेपणा खोटा नव्हता. स्वीडनबोर्ग नावाच्या स्वीडिश विचारवंताच्या पंथाचा तो कट्टर, त्यांची पुस्तकं फाडून भाग भाग लोकांना वाचायला द्यायचा, पुढच्या खेपेला तो भाग घेऊन पुढचा द्यायचा. मांस खायचा नाही. कलम करायला त्याचा विरोध होता असं सांगतात, झाडाला कापणं म्हणजे पाप. जमीन विकत घ्यायचा पण कागदाच्या बाबतीत गबाळा, एक १६० एकरचा तुकडा खरेदी केला आणि नोंदच केली नाही, गेला तो हातचा. १८३७ च्या मंदीत रोपाचा भाव दोन तीन सेंटवर आला. मेल्यावर काही जमीन करापायी विकली गेली, बरीचशी कोर्टकचेरीत संपली.

आणि पत्र्याचं भांडं, पोत्याचा शर्ट, ती सगळी मूर्ती देशभर पसरली ती एका मासिकातल्या लेखामुळे, साल १८७१. म्हणजे मरून सव्वीस वर्षं झाल्यावर. पुढे १९४८ मध्ये डिस्नीचं कार्टून आलं आणि चेहरा पक्का झाला.

पर्याय काय होते

सप्टेंबरचा पहिला रविवार, कार्यक्रमाला नऊ आठवडे. चहाच्या टेबलाशी पाच पालक, आजोबा आणि आम्ही दोघं.

एक, विषयच सोडा, अफझलखान काढा. कपडे आहेत, वाघनखं आहेत. दोघांना हेच हवं होतं आणि प्रामाणिकपणे सांगतो मलाही अर्धं हेच हवं होतं, काम वाचलं असतं.

दोन, जशी गोष्ट आहे तशीच करा. मुलं लहान आहेत, लोककथा ही लोककथा असते, आपण पीएचडी करत नाही आहोत. याला बहुमत होतं. ताईंनी एकच प्रश्न विचारला, की उद्या कोणी आपल्या शिवाजी महाराजांवर कार्टून बघून नाटक केलं तर आपण काय म्हणू? सगळे गप्प.

तीन, सगळं खरं खरं सांगा, दारू, जमीन, धंदा. याला व्हॉट्सॲपवर जी आग लागली ती विचारू नका. "दिवाळीच्या कार्यक्रमात आठ वर्षांच्या मुलांच्या तोंडी दारू??" असा मेसेज, खाली एकोणीस अंगठे. दुसऱ्या बाजूने एका बाबांनी लिहिलं की कार्यक्रमानंतर पार्किंग लॉटमध्ये काय चालतं ते मुलांना माहीत आहे, तेव्हा ते राहू द्या. ग्रुप दोन दिवस शांत झाला त्यानंतर.

चौथा पर्याय कोणी मांडला नाही, तो तालमीत आपोआप निघाला. आजोबांचा नातू, नऊ वर्षांचा, मध्येच म्हणाला, "पण हे सगळं लिहिलंय कुठे? आजोबा घरी सारखं म्हणतात, कागद दाखव कागद दाखव." आणि आजोबा म्हणाले, मग तलाठी आणा की स्टेजवर.

काय ठरलं आणि काय केलं

नाटकात दोन निवेदक केले. एक आजीबाई, ती प्रत्येक वाक्य "सांगतात की" ने सुरू करते. दुसरा तलाठी, काखेत दप्तर, तो प्रत्येक वेळी "कागद दाखवा" म्हणतो. आजीबाई म्हणते सांगतात की तो डोक्यावर भांडं घालून चालायचा, तलाठी म्हणतो नोंद १८७१ ची आहे, माणूस १८४५ ला वारला, चालेल, पण शाई वेगळी. आजीबाई म्हणते त्याला पैशाचा मोह नव्हता, तलाठी सातबारा उघडतो, बाराशे एकर. मग आजीबाई गप्प बसत नाही, ती म्हणते पण त्या एकशेसाठ एकराची नोंद केली का रे त्याने? तलाठी पानं उलटतो, उलटतो, नाही सापडत. तिथे प्रेक्षकांमधले सगळे काका लोक असे हसले की मुलांना पुढचं वाक्य सुरू करायला थांबावं लागलं. कोणाकोणाच्या गावाकडच्या जमिनी आठवल्या असतील देव जाणे.

मुलांना तलाठी म्हणजे काय हे समजावण्यात एक अख्खा रविवार गेला. पण त्या एका रविवारी सातबारा, खातं, फेरफार, वारस हे शब्द आले, जे मी वर्षभर शिकवायचा प्रयत्न केला असता तरी आले नसते.

सायडरचा तोडगा असा की तलाठी म्हणतो "आंबवलेला रस" आणि पुढे जातो. जागा मुद्दाम सोडली होती, ज्याला समजायचं त्याला समजेल. प्रत्यक्ष कार्यक्रमात झाड झालेली मुलगी स्टेजवरून मोठ्याने म्हणाली, "म्हणजे दारू!" स्क्रिप्टमध्ये नव्हतं. कोणीही तक्रार केली नाही, एकोणीस अंगठेवाल्यांनीही नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जमेल तेवढी मुलं गाड्यांत घालून फोर्ट वेनला पण नेली, तिथे त्याच्या नावाच्या पार्कमध्ये दरवर्षी जत्रा भरते. टेकडीवर लोखंडी कुंपणात दगड आहे, त्यावर लोक सफरचंदं ठेवून जातात. नक्की तिथेच पुरलंय का यावर वाद आहे, पण जत्रेला त्याने फरक पडत नाही, आपल्याकडेही पडत नाही. दगडावर कोरलंय की तो दुसऱ्यांसाठी जगला. आजोबांनी नातवाकडून अर्थ विचारून घेतला, टोपी काढली, नमस्कार केला, आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "आणि बाराशे एकर?"

एक सीन मुलांचा सगळ्यात आवडता, जॉनी डॉग फेनेल नावाची वनस्पती लावत फिरतो. हिवतापावर औषध म्हणून त्याने ती जागोजागी पेरली असं सांगतात, आणि ती इतकी माजली की शेतकरी वैतागले. आम्ही तिला गाजरगवत म्हटलं. तेवढा एक शब्द, प्रेक्षकांना बाकी काही सांगावंच लागलं नाही.

निष्पत्ती

नाटक जमलं. बाराऐवजी सतरा मिनिटं झाली, आयोजकांनी डोळे वटारले, ठीक आहे. मुलं पुढचे कितीतरी रविवार एकमेकांना "कागद दाखवा" म्हणत होती, कोणी म्हणालं मी होमवर्क केलं तर लगेच चार जण तलाठी.

पण जे चुकलं ते इथे नीट लिहायला पाहिजे, कारण त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

आमचा क्लायमॅक्स होता १८१२ ची धाव. ब्रिटनशी युद्ध सुरू झालेलं, ओहायोतल्या मॅन्सफिल्डमध्ये एका दुकानदाराची हत्या होते, गावात घबराट पसरते आणि चॅपमन रातोरात माउंट व्हर्ननपर्यंत पंचवीस तीस मैल जाऊन मदत आणतो, वाटेत घराघरांवर हाका मारत. आम्ही दिवे मालवून, ढोलकी लावून, त्याला हॉलभर पळवलं. जबरदस्त सीन. आणि हल्ला करणारे कोण? दोन मुलं, डोक्याला पट्टी, पट्टीत पिसं.

कार्यक्रम संपल्यावर लाइट सांभाळणारी एक हायस्कूलमधली मुलगी आमच्याकडे आली. याच शाळेत शिकून मोठी झालेली. ती म्हणाली, "काका, ग्रीनटाउन कुठे गेलं?" ग्रीनटाउन हे त्याच भागातलं लेनापे या मूळ अमेरिकी लोकांचं, म्हणजे ज्यांना डेलावेअर म्हणतात त्यांचं गाव. त्याच १८१२ मध्ये लोकांना तिथून सक्तीने हलवलं आणि मिलिशियाने, म्हणजे स्थानिक सशस्त्र तुकडीने, गाव जाळलं. घबराट, हल्ले, धाव, या सगळ्याच्या शेजारीच ते जळतंय. चॅपमनचे त्या लोकांशी चांगले संबंध होते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आम्ही ते वाक्य पण घेतलं होतं, आणि पुढच्याच मिनिटाला पिसं लावून दोन मुलं ओरडत सोडली.

आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. ताईंनी वाचलं होतं, मला सांगितलं होतं. मी म्हटलं होतं आठ वर्षांच्या मुलांना हे जड होईल, वेळ पण नाही, राहू दे. दारूवर आम्ही दोन आठवडे भांडलो. या गोष्टीवर दोन मिनिटंही नाही, कारण व्हॉट्सॲपवर त्याबद्दल कोणी ओरडणार नव्हतं.

आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाही, आमच्याकडे तलाठी होता! "कागद दाखवा" म्हणणारा माणूस स्टेजवर उभा होता. बाराशे एकरावर त्याने एवढा विनोद केला, पण ती जमीन त्याच्या आधी कोणाच्या नावावर होती हे विचारायला आम्ही त्याला लावलं नाही. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात ओहायोचा केवढा तरी भाग लेनापे आणि इतर मूळ जमातींकडून लिहून घेतला गेला, त्यानंतर तिथे वस्ती वाढली, पन्नास झाडांची अट तर कब्जासाठीच. सातबाऱ्याचं आधीचं पान. तलाठी दप्तरातून एक कोरा कागद काढतो आणि आजीबाई "सांगतात की" म्हणून थांबते, तीस सेकंदांचं काम होतं. आता सुचतंय.

परत केलं तर

पिसं नाहीत, हे पहिलं. धावेचा सीन ठेवीन, तो काढला तर मुलं मला सोडणार नाहीत, पण जॉनी ज्या दारावर हाक मारतो त्यातलं एक दार उघडतच नाही, कारण तिथे राहणारे आता तिथे नाहीत. एवढं नऊ वर्षांच्या मुलाला कळतं. त्यांना जड होईल हे आम्ही स्वतःच्या सोयीने ठरवलं होतं.

दुसरं, कोणी तरी मोठा झालेला विद्यार्थी स्क्रिप्टच्या वेळीच बसवायचा. आम्ही पालक मंडळी इथे येऊन वीस वर्षं झाली तरी इथला इतिहास पाहुण्यासारखा वाचतो, जे टेबलावर वाढलंय ते घेतो. ती मुलगी इथेच वाढली, तिला ताटाखालचं दिसलं.

गाडगेबाबांची तुलना मी पूर्ण टाकली ती चूक की बरोबर यावर माझं अजून ठरलेलं नाही. ताईंचं म्हणणं, ठेवायला हवी होती, आणि तलाठ्याकडून दोघांचेही उतारे वाचून घ्यायला हवे होते, एक बाराशे एकरचा आणि एक रिकामा. विनोदही झाला असता. मला भीती वाटली की बाबांचं नाव विनोदात आलं तर परत व्हॉट्सॲप.

बियांचं पण सांगायचं राहिलं. तालमींच्या काळात मुलांनी डब्यातल्या सफरचंदाच्या बिया कुंड्यांत लावल्या होत्या आणि एकही उगवली नाही, दोघं तिघं तर रडकुंडीला आली. सफरचंदाच्या बीला आधी थंडी लागते, ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन तीन महिने फ्रीजमध्ये ठेवावी लागते, हे आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या खेपेला फ्रीजमध्ये ठेवलेल्या बियांमधून चार उगवल्या, एक खारीने नेली, दोन पालकांनी सुट्टीत पाणी न घालून मारल्या. चौथी आजोबांच्या नातवाकडे मागच्या अंगणात आहे, कमरेएवढी झालीये. फळ धरायला अजून सहा आठ वर्षं तरी.

आजोबा आता रत्नागिरीहून व्हिडिओ कॉलवर ते झाड बघतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे, खुंट चांगला झालाय, फेब्रुवारी मार्चमध्ये शेजाऱ्याच्या गोड झाडाची काडी आणायची आणि पाचर कलम मारायचं, मी इथून सांगतो तसं कर. नातू तयार नाही. म्हणतो जॉनीने कापलं नसतं. आजोबा विचारतात, याला कागद आहे का? मुलगा म्हणतो, नाही, सांगतात की.

गेल्या रविवारी विचारलं तेव्हा झाड अजून तसंच होतं.